इंडिपेन्डन्स डे: रिसर्जन्स

‘इंडिपेन्डन्स डे: रिसर्जन्स’ हा २०१६ साली प्रदर्शित झालेला इंग्रजी भाषेतील अमेरिकन विज्ञानपट आहे. रोलंड एमरिख यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट त्यांच्याच १९९६ मधील ‘इंडिपेन्डन्स डे’ या चित्रपटाचा पुढील भाग होय. परग्रहवासीयांनी पृथ्वीवर वीस वर्षांनी केलेले दुसरे आक्रमण हा त्याचा विषय आहे. २४ जून २०१६ रोजी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने तो अमेरिकेत प्रदर्शित केला. भव्य दृश्ये आणि जुन्या पात्रांचे पुनरागमन यांमुळे तो रंजक ठरतो. मात्र संकटाचा आकार वाढवताना त्याची भीती कमी झाली, हा त्याच्यावरील मुख्य आक्षेप आहे.

पार्श्वभूमी

१९९६ च्या चित्रपटात महानगरांवर अवाढव्य याने येऊन थांबतात आणि पृथ्वीवासी त्यांच्या हेतूचा अंदाज घेत राहतात. प्रत्यक्ष हल्ला बराच उशिरा होतो. तोवर राष्ट्राध्यक्ष, वैमानिक, तंत्रज्ञ, त्यांचे कुटुंबीय अशी अनेक माणसे प्रेक्षकाच्या ओळखीची झालेली असतात. व्हाइट हाउस उद्ध्वस्त होण्याचे दृश्य लघुप्रतिकृती खरोखर उडवून चित्रित केले होते. सुमारे ७.५ कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात ८१ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. तो त्या वर्षीचा सर्वाधिक कमाई करणारा चित्रपट होता आणि दृश्य परिणामांसाठी त्याला ऑस्कर पुरस्कारही मिळाला.

पुढील भागासाठी वीस वर्षे लागली. मूळ चित्रपटात वैमानिक स्टीव्हन हिलर याची भूमिका करणारे विल स्मिथ या भागात नाहीत. परग्रही तंत्रज्ञानावर आधारित विमानाच्या चाचणीत हिलरचा मृत्यू झाल्याचे कथेत सांगितले आहे. जेफ गोल्डब्लम (डेव्हिड लेव्हिन्सन), बिल पुलमन (माजी राष्ट्राध्यक्ष व्हिटमोर), जड हर्श (डेव्हिडचे वडील ज्युलियस) आणि ब्रेंट स्पायनर (डॉ. ओकुन) यांनी आपल्या जुन्या भूमिका पुन्हा केल्या. लियाम हेम्सवर्थ, मायका मन्रो आणि जेसी अशर हे नव्या पिढीचे चेहरे आहेत.

कथानक

पहिल्या युद्धानंतर जगातील राष्ट्रे एकत्र आली आहेत. शत्रूच्या यानांतून मिळालेल्या तंत्रज्ञानाच्या आधारे त्यांनी नवी लढाऊ विमाने आणि चंद्रावर संरक्षक तोफ उभारली आहे. विजयाच्या विसाव्या वर्धापनदिनाच्या सुमारास चंद्राजवळ एक अनोळखी यान प्रकट होते. ते शत्रूचे समजून पाडले जाते. पण त्यात परग्रही आक्रमकांनी नष्ट केलेल्या एका संस्कृतीची उरलेली बुद्धिमत्ता एका पांढऱ्या गोलाच्या रूपात असते आणि ती मदतीसाठी आलेली असते. पाठोपाठ सुमारे ४,८०० किलोमीटर व्यासाचे यान येते, चंद्रावरील तळ उद्ध्वस्त करते आणि अटलांटिक महासागरावर उतरते. पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत छिद्र पाडून तेथील ऊर्जा काढून घेणे, हा त्याचा उद्देश असतो. या यानातील परग्रहवासी एका राणीच्या आज्ञेत आहेत. व्हिटमोर आपल्या मुलीऐवजी स्वतः आत्मघाती मोहिमेवर जाऊन राणीच्या यानात बॉम्बचा स्फोट घडवतात. राणी त्यातूनही वाचते, तेव्हा अमेरिकेतील मिठाच्या पठारावर शेवटची लढत होते. राणी मारली जाताच यान माघार घेते. शेवटी तो गोल मानवाला आक्रमकांविरुद्धच्या आंतरतारकीय लढ्याचे नेतृत्व करण्यास सांगतो.

रंजक बाजू

चित्रपटाचा सर्वांत आकर्षक भाग म्हणजे त्याने कल्पिलेले २०१६ साल. येथे परग्रही आक्रमण ही इतिहासातील घटना आहे. शत्रूच्या भंगारातून विमाने बनली आहेत आणि तुरुंगात जिवंत परग्रहवासी कैद आहेत. आफ्रिकेत एक यान उतरल्यामुळे पहिल्या युद्धानंतरही जमिनीवरची लढाई चालू राहिली, हा धागा तर स्वतंत्र चित्रपटाचा विषय होऊ शकला असता.

विनाशाच्या दृश्यांतही एक नवी कल्पना आहे. महायानाच्या गुरुत्वाकर्षणाने आशियातील इमारती, जहाजे, वाहने वर खेचली जातात आणि लंडनवर कोसळतात. प्रसिद्ध वास्तूंच्या विध्वंसाबद्दल एमरिख यांची ख्याती आहे. एका प्रसंगी पात्राच्या तोंडूनच तिची थट्टा केली आहे. वीस वर्षांनी कोमातून उठलेला, विक्षिप्त पण प्रेमळ डॉ. ओकुन हा अनेकांना चित्रपटाचा प्राण वाटतो. उघड्या पठारावर महाकाय राणी शाळेच्या बसचा पाठलाग करते, तो प्रसंगही जुन्या राक्षसपटांची मौज देतो.

उणिवा

पहिली उणीव गतीची आहे. मूळ चित्रपट सुमारे १४५ मिनिटांचा, तर हा १२० मिनिटांचा आहे. पात्रे मात्र वाढली आहेत. त्यामुळे वाट पाहण्याचा काळ, म्हणजेच भीती साठण्याचा काळ, जवळपास नाहीसा झाला आहे. हिलरची पत्नी जास्मिन मुलाच्या डोळ्यांदेखत मरण पावते, पण कथा लगेच पुढे सरकते. राष्ट्राध्यक्षा लॅनफर्ड आणि त्यांचे मंत्रिमंडळ मारले जाते, त्याचाही कथेवर फारसा परिणाम होत नाही.

दुसरी उणीव परिमाणाची आहे. मूळ चित्रपटातील याने सुमारे २४ किलोमीटर रुंदीची होती, म्हणजे एका शहराला झाकण्याइतकी. रस्त्यावर उभा असलेला माणूस आणि त्याच्या डोक्यावरील सावली हे नाते त्यामुळे चौकटीत मावत असे. महासागर झाकणारे यान कोणत्याही एका जागेवरून पूर्ण दिसू शकत नाही. ते केवळ आकडा म्हणून कळते, अनुभव म्हणून नाही.

तिसरी उणीव म्हणजे मूळ कल्पनेचा अपुरा उपयोग. वीस वर्षे जपलेल्या तंत्रज्ञानाचा पहिल्याच हल्ल्यात निभाव लागत नाही आणि त्यानंतर कथा पुन्हा जुन्याच वाटेने जाते. मूळ चित्रपटात संगणकीय विषाणूने शत्रूचे कवच निकामी केले होते. एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीत मंगळवासी सूक्ष्मजंतूंमुळे मरतात. त्या कल्पनेचे ते आधुनिक रूप होते. येथे राणी मेली की सारे सैन्य निष्प्रभ होते, अशी अधिक सोपी सुटका आहे. शेवटही पुढच्या चित्रपटाची जाहिरात वाटावी असा आहे.

वैज्ञानिक दृष्टिकोन

चंद्राचा व्यास सुमारे ३,४७४ किलोमीटर आहे. म्हणजे हे यान त्याहून रुंद आहे. ते सपाट तबकडीसारखे मानले आणि मध्यभाग समुद्राला टेकला आहे असे धरले, तर पृथ्वीच्या वक्रतेमुळे त्याची कड सुमारे ४४० किलोमीटर उंचीवर राहील. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. वस्तू वर खेचण्याइतके गुरुत्वाकर्षण त्या यानाला असते, तर समुद्र आणि वातावरण यांवरही त्याचा प्रचंड परिणाम झाला असता. चित्रपटात ही ओढ दिग्दर्शकाला हवी तेवढ्याच वेळापुरती जाणवते. गाभ्याचा बाह्य थर सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर सुरू होतो. मानवाने रशियातील कोला येथे खोदलेले छिद्र सुमारे १२ किलोमीटर खोल आहे. त्या तुलनेत हे उत्खनन किती अफाट आहे, हे लक्षात येते. गाभा नष्ट झाल्यास पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र नाहीसे होईल, हा चित्रपटातील धोका मात्र शास्त्राला धरून आहे. कारण हे क्षेत्र बाह्य गाभ्यातील वितळलेल्या लोहाच्या हालचालीतून निर्माण होते.

प्रतिसाद

सुमारे १६.५ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात जवळपास ३९ कोटी डॉलर मिळवले. हे उत्पन्न मूळ चित्रपटाच्या निम्म्याहूनही कमी होते. अमेरिकेत पहिल्या आठवड्याअखेरीस तो ‘फाइंडिंग डोरी’च्या मागे दुसऱ्या क्रमांकावर राहिला. समीक्षकांचे मत बहुतांशी प्रतिकूल होते. सर्वांत वाईट चित्रपटासाठीच्या गोल्डन रॅस्पबेरी पुरस्काराचे नामांकनही त्याला मिळाले. स्मिथ बाहेर पडल्यानंतर हा चित्रपट करायला नको होता, अशी कबुली एमरिख यांनी पुढे दिली. शेवटी सूचित केलेला तिसरा भाग आजवर निघालेला नाही. त्यामुळे आंतरतारकीय लढ्याची कथा अपूर्णच राहिली आहे.