चर्च आणि सभास्थान: फारकतीची साडेतीनशे वर्षं

इ.स. ३८६च्या शरद ऋतूत अंत्युखिया शहरात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या अंताक्यात, योहान ख्रिसोस्तोम हा धर्मगुरू चर्चमध्ये आपल्याच लोकांना खडसावत होता. ज्यूंचे सण तोंडावर आले होते. नववर्षाचे कर्णे, प्रायश्चित्ताचा उपास, मग मांडवांचा सण. चर्चमधली कितीतरी माणसं कर्णे ऐकायला सभास्थानात, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, जाणार आणि ज्यूंबरोबर उपासही धरणार, हे त्याला ठाऊक होतं. एका प्रवचनात त्याने घडलेला प्रसंग सांगितला आहे. एक ख्रिस्ती माणूस एका ख्रिस्ती बाईला शपथ घ्यायला बळजबरीने सभास्थानात नेत होता. चर्च सोडून तिथेच कशाला, असं विचारल्यावर तो म्हणाला की तिथल्या शपथेचा धाक जास्त, असं पुष्कळांनी सांगितलंय.

येशूला क्रुसावर चढवल्याला तोवर साडेतीनशे वर्षं झाली होती. येशू आला, ज्यूंनी त्याला नाकारलं आणि लगेच वेगळा धर्म निघाला, ही ओळखीची गोष्ट या प्रवचनांपुढे टिकत नाही. मग घडलं काय?

सुरुवातीला वेगळं होण्यासारखं काही नव्हतंच. येशू, त्याची आई, त्याचे बारा शिष्य सगळे ज्यू. त्याच्यानंतर यरुशलेममध्ये जमलेले अनुयायी मंदिरात प्रार्थनेला जात, मुलांची सुंता करत, शब्बाथ पाळत. त्यांचा पुढारी होता येशूचा भाऊ याकोब. त्या काळच्या ज्यू समाजात परूशी, सदूकी, एसीन असे अनेक पंथ होते आणि मेलेले पुन्हा उठतील की नाही, या प्रश्नावरसुद्धा त्यांच्यात एकमत नव्हतं. मसीहा येऊन गेला असं मानणारा आणखी एक पंथ त्या गर्दीत सहज मावला.

खरा पेच आला तो ज्यू नसलेल्या माणसांमुळे, आणि तो उभा राहिला जेवणाच्या पंगतीत. अंत्युखियात ग्रीक बोलणारे परराष्ट्रीय येशूवर विश्वास ठेवू लागले. त्यांनी सुंता करायची का? त्यांच्याबरोबर जेवायचं का? सुमारे इ.स. ४९मध्ये यरुशलेमच्या बैठकीत या प्रश्नांचा खल झाला. नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगतं त्याप्रमाणे सुंतेची सक्ती नको असं ठरलं. मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या जनावराचं मांस आणि व्यभिचार एवढं मात्र टाळायचं. अंत्युखियातला खटका प्रेषित पौलाने स्वतः गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात नोंदवलाय. येशूचा शिष्य पेत्र आधी परराष्ट्रीयांच्या पंगतीला बसत होता. याकोबाकडची माणसं आली तसा तो मागे सरला. बाकीचे ज्यूही उठले, पौलाचा जोडीदार बर्णबासुद्धा. पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष सुनावलं. मला हा प्रसंग सगळ्या धर्मशास्त्रापेक्षा बोलका वाटतो. भांडणारे दोघेही ज्यू आहेत आणि येशू कोण होता यावर त्यांचा वाद नाही. वाद आहे तो कोणी कोणाबरोबर जेवायचं याचा.

पुढचा धक्का रोमने दिला. इ.स. ६६मध्ये ज्यूंनी बंड केलं आणि ७०मध्ये रोमन सेनापती टायटसने यरुशलेमचं मंदिर जमीनदोस्त केलं. आधी प्रौढ ज्यू पुरुष मंदिरासाठी दरसाल अर्धा शेकेल देत. आता साम्राज्यातल्या सगळ्या ज्यूंवर, बायकांवरसुद्धा, वर्षाला दोन दिनारांचा कर बसला आणि तो पैसा गेला रोमच्या ज्युपिटरच्या मंदिराकडे. ज्यू कोण हा प्रश्न त्यामुळे कर वसूल करणाऱ्यांच्या हाती गेला. डोमिशियन सम्राटाच्या काळात ही वसुली निष्ठुर झाली. आपल्या तरुणपणी एका नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याची सुंता झालीय का हे भरकचेरीत तपासताना पाहिल्याची आठवण रोमन चरित्रकार सुएटोनियसने लिहून ठेवलीय. पुढे ९६मध्ये नर्वा सम्राटाने या कराआडची खोटी आरोपबाजी बंद केली आणि तसं सांगणारं नाणं पाडलं. त्याच्या एका बाजूला खजुराचं झाड आहे. यानंतर करापुरता ज्यू म्हणजे जो आपला धर्म उघडपणे पाळतो तो, असा अर्थ रूढ झाला असावा, असं काही इतिहासकार मानतात. येशूला मानणाऱ्या परराष्ट्रीयांना त्या यादीत शिरायचं कारण नव्हतं. पण यादीबाहेर राहिलं की ज्यूंना रोमन देवांच्या बलिविधींतून मिळणारी सूटही नाही. सुमारे ११२मध्ये प्लिनी हा सुभेदार सम्राट ट्राजनला ख्रिस्ती लोकांबद्दल पत्र लिहितो, सम्राटाच्या पुतळ्यापुढे धूप-मद्य वाहायला लावून त्यांची परीक्षा घेतल्याचं सांगतो, आणि त्या पत्रात ज्यूंचं नावही येत नाही.

बार कोखबाच्या पुढारीपणाखाली ज्यूंनी १३२ ते १३५मध्ये केलेल्या बंडानंतर यरुशलेमची रोमन वसाहत झाली आणि ज्यूंना तिथे बंदी आली. तोवर यरुशलेमचे बिशप सुंता झालेल्यांपैकीच असत, त्यानंतर परराष्ट्रीय बिशप आला, असं चर्चचा इतिहासकार युसेबियस सांगतो.

मात्र याच सुमारास चर्चने एक दार बंद होऊ दिलं नाही, आणि त्याचं महत्त्व मला फार वाटतं. ज्यूंचे ग्रंथ टाकून द्यावेत, त्यांचा देव वेगळाच आहे, असं मार्सियन म्हणत होता. सुमारे १४४मध्ये रोमच्या चर्चने त्यालाच बाहेर काढलं. ग्रंथ राहिले, म्हणून त्यांच्या अर्थावरचं भांडणही राहिलं. पलीकडे मंदिर नसलेला ज्यू धर्म रब्बी घडवत होते. त्यांच्या नियमांचा संग्रह, मिश्ना, २००च्या आसपास सिद्ध झाला. म्हणजे आजचे दोन्ही धर्म त्याच पडझडीतून आकाराला आले. त्यांना आई आणि मुलगी म्हणण्यापेक्षा भावंडं म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं.

पंगतीनंतरचं सर्वांत चिवट भांडण होतं पंचांगाचं. येशूच्या मरणाचा आणि पुनरुत्थानाचा सण कधी पाळायचा? आशिया प्रांतातली चर्चं ज्यूंच्या वल्हांडणाच्या दिवशीच, निसान महिन्याच्या १४ तारखेला, तो पाळत, मग वार कोणताही असो. रोममध्ये रविवारच हवा होता. सुमारे १५५मध्ये स्मुर्ण्याचा म्हातारा बिशप पॉलिकार्प रोमच्या बिशपाकडे गेला. दोघा बिशपांचं पटलं नाही, तरी त्यांनी एकत्र प्रभुभोजन घेतलं. १९०च्या सुमारास रोमचा बिशप व्हिक्टरने आशियातल्या चर्चांना बहिष्कृत करायचं मनावर घेतलं, तेव्हा इरेनियस या बिशपने त्याला आवरलं. सिरियातली मंडळी रविवार धरत, पण निसान कधी पडतो हे ज्यू शेजाऱ्यांच्या हिशेबावरूनच ठरवत. ३२५मध्ये निकियाच्या परिषदेने सगळ्यांनी एकच रविवार पाळावा असं ठरवलं. त्यानंतर चर्चांना लिहिलेल्या पत्रात कॉन्स्टंटाइन सम्राटाने ज्यूंशी काहीच समाईक नको, असं कडवट भाषेत बजावलं. तरीही ३८७च्या सुरुवातीला अंत्युखियात ख्रिसोस्तोमला या एकाच विषयावर प्रवचन द्यावं लागलं. जुन्या हिशेबाने सण धरणारे अजून होतेच.

चौथ्या शतकातल्या लाओदिकियाच्या परिषदेचे नियम वाचले की शेजार किती दाट होता ते दिसतं. शनिवारी काम बंद ठेवू नका, ज्यूंकडून बेखमीर भाकरी घेऊ नका. घरोघरी भाकऱ्या येत होत्या, म्हणूनच हा नियम आला. बिशप मंडळींना सीमा पक्की दिसत होती. बाजारात, आजारपणात, सणावारी ती लोकांना दिसत नव्हती. म्हणूनच ख्रिसोस्तोमची भाषा इतकी विखारी झाली. पुढच्या शतकांत ज्यूद्वेष्ट्यांनी हीच प्रवचनं पुन्हा पुन्हा उपसली, हे विसरून ती वाचता येत नाहीत.

शेवटी सीमारेषा आखली ती सरकारने. ३८०मध्ये थिओडोसियस सम्राटाने निकियाची श्रद्धा साऱ्या प्रजेसाठी जाहीर केली. ३८८मध्ये फरात नदीकाठच्या कॅलिनिकम गावी ख्रिस्ती जमावाने सभास्थान जाळलं. तिथल्या बिशपने ते बांधून द्यावं, असा हुकूम थिओडोसियसने काढला, पण मिलानचा बिशप आंब्रोज अडून बसला आणि सम्राटाला हुकूम मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी ज्यू आणि ख्रिस्ती यांच्यातलं लग्न कायद्याने व्यभिचार ठरलं, आणि त्याबद्दल फिर्याद करायचा हक्क कोणालाही मिळाला.