थंडीतली चाहूल

शहापूर-मुरबाडकडे अमावास्येला आकाशगंगेचा पट्टा अजून नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पण विश्वातलं सुमारे 85 टक्के द्रव्य कुठल्याच दुर्बिणीला दिसत नाही. दीर्घिकांच्या कडेचे तारे हिशेबापेक्षा वेगाने फिरतात, त्यावरून ते आहे एवढं कळतं. या कृष्णद्रव्याचे कण अगदी हलके असतील, तर ते पकडण्याचं तंत्र कसं असेल, हे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जवळून पाहायला मिळालं.

विज्ञान दिनाला मुलांना घेऊन गेलो होतो. शहापूरची मुलं आसनगावहून लोकलने आली, मुरबाडची कल्याणपर्यंत एसटीने. समोर डायल्यूशन रेफ्रिजरेटर होता. सांगाड्याला एकीखाली एक टांगलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या चकत्या. जितकी खालची, तितकी थंड. चार केल्विनपर्यंत पल्स-ट्यूब कूलर नेतो. पुढचं काम हेलियम-3 आणि हेलियम-4 यांच्या मिश्रणाचं. 0.87 केल्विनखाली त्याचे दोन थर होतात. वरच्या थरातले हेलियम-3 चे अणू खालच्या थरात शिरताना उष्णता ओढून घेतात, माठाबाहेर झिरपलेलं पाणी उडताना आतलं गार करतं तसं. शेवटची चकती दहा मिलिकेल्विनखाली उतरते. मोकळं अवकाशसुद्धा 2.7 केल्विन, म्हणजे याहून अडीचशेपटींनी गरम.

"सर, पण एवढं थंड कशाला?" एका मुलीने विचारलंच.

कारण इतक्या थंडीत शोधकातल्या स्फटिकाची उष्माधारकता नावापुरती उरते. एकच कण धडकला तरी तापमान मोजण्याइतकं चढतं. ते टिपणारा सेन्सर म्हणजे जर्मेनियमचा काही मिलिमीटरचा तुकडा. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत त्याच्यावर न्यूट्रॉनांचा मारा करून तो तयार करतात. जरा ऊब लागली की त्याचा विद्युतरोध झपकन उतरतो. टाटा संस्थेतल्या गटाचं लक्ष्य मात्र वेगळं आहे: कथील-124 च्या अणुकेंद्रात न्यूट्रिनोरहित दुहेरी बीटा क्षय होतो का, हे शोधणं.

हेच तत्त्व इटलीत ग्रान सास्सो इथे, 1400 मीटर खडकाखाली, क्रेस्ट प्रयोगात कृष्णद्रव्यासाठी वापरतात. जड कणांसाठी टनावारी द्रव झेनॉन लागतो. हलका कण धक्काच इतका बारीक देतो, की तिथे वजनापेक्षा संवेदनशीलता कामी येते. क्रेस्टने 2019 मध्ये 24 ग्रॅमच्या स्फटिकाने 30 इलेक्ट्रॉनव्होल्टइतके बारीक धक्के टिपले आणि प्रोटॉनच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढ्या कणांपर्यंत शोध नेला.

कण सापडला नाही. सापडली ती नको तेवढी टिकटिक. जगभरच्या अशा शोधकांत अगदी कमी ऊर्जेचे, कारण न कळलेले धक्के नोंदले जातात. थंड केल्यावर दिवस जातील तसे ते घटतात. कृष्णद्रव्य असं ओसरणार नाही. म्हणून संशय आहे स्फटिकातल्या आणि त्याला धरणाऱ्या पकडीतल्या ताणावर.

तेव्हा उद्या कोणी "कृष्णद्रव्य सापडलं" अशी बातमी दिली, तर आधी एवढंच विचारा: स्फटिकाची पकड बदलून पाहिली का?