बंद पडलेला बिल्ट-इन मायक्रोवेव्ह

मायक्रोवेव्ह ओव्हनच्या पडद्यावर आकडे नाहीत, आतला दिवा लागत नाही, बटण दाबले तरी आवाज नाही, अशा वेळी दोष बहुधा वीज आत येण्याच्या वाटेवर असतो. सूक्ष्मलहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉन निकामी झाला, तर सहसा दिवा लागतो, ताटलीही फिरते. फक्त अन्न गार राहते. म्हणून तपासणी बाहेरून आत करत जावी.

सुरुवात एमसीबीपासून, म्हणजे जास्त भार आल्यावर आपोआप पडणाऱ्या स्विचपासून करावी. तो पडलेला असेल तर एकदाच वर करावा. पुन्हा पडला तर प्लग काढून ओव्हन तसाच ठेवावा. गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी पडत असेल तर वीजगळतीची शंका घ्यावी. कप्प्यात बसवलेल्या ओव्हनचा प्लग मागे किंवा शेजारच्या कपाटात असतो आणि भांडी सरकवताना तो सैल होतो. सॉकेट तपासायला मोबाइलचा चार्जर पुरत नाही, कारण सैल जोडणीवरही तो चालतो. इस्त्री लावून पाहावी. 800 वॉटच्या ओव्हनला प्रत्यक्षात 1200 वॉटच्या आसपास वीज लागते आणि कन्व्हेक्शन असेल तर आणखी जास्त. त्यासाठी 16 अँपिअरचे सॉकेट हवे. एक्स्टेंशन बोर्ड नको. सॉकेटवर काळपट डाग किंवा वितळलेले प्लास्टिक दिसले, तर आधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट बदलून घ्यावे.

पडद्यावर आकडे दिसतात पण बटणे चालत नाहीत, तेव्हा अनेकदा चाइल्ड लॉक लागलेले असते. पुस्तिकेत सांगितलेले बटण काही सेकंद दाबून धरले की ते सुटते.

बिल्ट-इन ओव्हनची खास अडचण उष्णतेची. गरम हवा बाहेर पडायला कंपनीने ठरवून दिलेली मोकळी जागा सुताराने फळी ठोकून बुजवली किंवा झरोक्यावर तेलकट धूळ साचली, की आतला थर्मल कटआउट वीज तोडतो. बराच वेळ चालल्यावर ओव्हन बंद पडला असेल तर झरोके मोकळे करून तासभर थांबावे. काही कटआउट गार झाल्यावर आपोआप जुळतात, काही बदलावेच लागतात.

घरच्या माणसाची तपासणी येथे संपते. आत वीज साठवणारा कपॅसिटर असतो आणि मॅग्नेट्रॉनला सुमारे 4000 व्होल्टचा दाब मिळतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार उरू शकतो. त्यामुळे ओव्हनचे बाह्य आवरण तंत्रज्ञानेच उघडावे.

तंत्रज्ञ आधी कपॅसिटर निर्भार करतो, मग मल्टिमीटरने फ्यूज पाहतो. फ्यूज उडालेला असला तरी काम तेवढ्यावर संपत नाही. तो का उडाला हे शोधावे लागते. दाराच्या कडीमागे सहसा तीन छोटे स्विच असतात. त्यांतला मॉनिटर स्विच मुद्दाम असा जोडलेला असतो की, दार उघडे असताना बाकीचे स्विच चिकटून राहिले तर शॉर्ट सर्किट होऊन फ्यूज उडावा आणि लहरी बाहेर येऊ नयेत. दार आपटून लावायची सवय असलेल्या घरात कडी आणि स्विच लवकर झिजतात. फ्यूज त्याच क्षमतेचा हवा. त्याजागी तार गुंडाळणे म्हणजे हे संरक्षणच काढून टाकणे. फ्यूज आणि कटआउट शाबूत असतील तर संशय कंट्रोल बोर्डावर जातो. व्होल्टेजच्या चढउताराने तो जळतो. उबेला आलेल्या झुरळांमुळेही बिघडतो.

दाराचे काम झाल्यावर सूक्ष्मलहरींची गळती मोजून घ्यावी. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ती ओव्हनपासून 5 सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला 5 मिलिवॉटपेक्षा जास्त नसावी. फ्यूज आणि स्विच हे स्वस्त भाग आहेत. बोर्ड आणि मॅग्नेट्रॉन महाग. ते बदलण्याऐवजी नवा ओव्हन घ्यायचा झाला, तर आधी कप्प्याचे माप घ्यावे. ते जुळले नाही तर ओव्हनच्या किमतीत सुतारकामाचा खर्चही धरावा लागतो.