खमंग की करपट?

दूध तापवताना क्षणभर लक्ष दुसरीकडे गेलं, की ते एक तर उतू जातं, नाही तर लागतं. उतू गेलेलं ओट्यावर दिसतं. लागलेलं दिसत नाही. वरून पाहावं तर तेच पांढरं दूध. पण त्याचा चहा केला, की पहिल्या घोटाला घरातले सगळे एकमेकांकडे बघतात. मग वेलची घाला, जायफळ घाला, साखर वाढवा, तो वास काही जात नाही. दुधाचं जे, तेच खिरीचं, वरणाचं, उसाच्या रसाचं. आणि काहींना नवल वाटेल, पण तेच बिअरचंही.

बिअर म्हटल्यावर दचकू नका. आपल्याकडे ती घरी करता येत नाही. 1949च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, मग ते दोन बाटल्या का असेना. इंग्लंडात मात्र 1963 साली घरच्या बिअरवरची परवान्याची अट गेली. अमेरिकेत 1978 साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती वापरापुरती बिअर करायला मोकळीक मिळाली. तिकडे गेलेल्या आपल्या मराठी मुलांतल्या काहींना हा छंद लागतो. माझा एक भाचा त्यांतलाच. त्याचा फोन आला, ‘मामा, सगळं पुस्तकात दिलं होतं तसंच केलं, पण बिअरला राखेसारखी चव आली. तुम्ही तर आयुष्यभर हेच बघितलंत ना?’

मी बिअर कधी केली नाही. पण राहतो नावड्याला. दिवा–पनवेल मार्गावर नावडे रोड स्टेशन आहे, तिथून हाकेच्या अंतरावर तळोजा औद्योगिक वसाहत. तिथे युनायटेड ब्रुअरीजचा बिअरचा कारखानाही आहे. मी मात्र वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात नोकरी केली. काम एकच, मोठमोठ्या भांड्यांतले घट्ट द्रव तापवणं आणि ते तळाला लागू न देणं. त्यामुळे भाच्याचा प्रश्न माझ्या हद्दीतला होता.

आधी माल्ट म्हणजे काय ते सांगतो. आपण बाळासाठी नाचणी भिजवतो, तिला मोड आणतो, वाळवून दळतो. मोड येताना दाण्यात अशी विकरं तयार होतात, जी पिठूळ भागाची साखर करतात. सातूचं, म्हणजे बार्लीचं, असंच केलं की माल्ट तयार होतं. ते भरडून गरम पाण्यात ठेवलं, की गोड पाणी सुटतं. हे पाणी निर्वात भांड्यात, कमी तापमानाला आटवून काकवीसारखं दाट केलं की झालं माल्ट एक्स्ट्रॅक्ट. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती, तेव्हा बिअरच्या कंपन्या हाच पाक डबाबंद करून किराणा दुकानांत विकत. नाव पावाच्या नि बिस्किटांच्या उपयोगाचं. लोक त्याचं काय करत, ते सगळ्यांना ठाऊक होतं. आजही घरी बिअर करणारा नवशिका याच डब्यापासून सुरुवात करतो. पाण्यात पाक विरघळवायचा, हॉप्सची कडवट फुलं घालून तासभर उकळायचं, गार करून यीस्ट सोडायचं आणि काही आठवडे थांबायचं.

पेटलेल्या चुलीवरच्या भांड्यात हा पाक ओतला, की घोटाळा होतो. त्यात पाणी असतं जेमतेम पाचवा हिस्सा, बाकी सगळी साखर आणि थोडी प्रथिनं. पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड. ओतला की सरळ तळाशी जाऊन बसतो. भांड्यात नुसतं पाणी असताना तळाची उष्णता ते सतत वर घेऊन जातं, खालचं गरम पाणी वर, वरचं गार खाली. म्हणून जाळ कितीही मोठा केला तरी तळाचा पत्रा शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पाक मात्र हलत नाही. घट्ट गोधडीसारखा तो तळ झाकून टाकतो. जाळ चालूच आहे, उष्णता जायला वाट नाही. पत्रा तापत जातो, पाकातलं उरलंसुरलं पाणी उडतं आणि दोन-तीन मिनिटांत तळाशी पातळसा काळा थर धरतो. वरचं पाणी तोवर उकळलेलंसुद्धा नसतं.

कारखान्यात आम्ही याच कारणासाठी उघडी आग टाळायचो. बाहेरच्या कप्प्यातून वाफ फिरवायची. वाफेचा दाब जेवढा, तेवढंच तिचं तापमान. भांड्याचा तळ त्याच्या वर जाऊच शकत नाही. गॅसच्या ज्योतीला असा लगाम नसतो. आणि भाच्याचं भांडं होतं पातळ बुडाचं.

आता तुम्ही विचाराल, काळ्या बिअर मिळतात, त्यात तर मुद्दाम भाजलेलं माल्ट घालतात. मग ती चांगली आणि ही वाईट का? प्रश्न रास्त आहे. 1817 साली इंग्लंडात डॅनियल व्हीलरने फिरत्या पिंपात माल्ट काळं भाजायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. ते माल्ट दोनशे अंशांच्याही वर भाजतात. पण आपली थालीपिठाची भाजणी आठवा. धान्य कोरडं, आच बेताची, हात सतत फिरता, आणि वास आला की लगेच खाली उतरवायचं. प्रत्येक दाणा सारखा भाजला जातो. भट्टीतसुद्धा हेच, नेमक्या क्षणी पाण्याचा फवारा मारून भाजणं थांबवतात. मराठीने यासाठी खमंग आणि करपट असे दोन वेगळे शब्द ठेवले आहेत. रसायनशास्त्राला हाच फरक सांगायला पानंच्या पानं लागतात.

साखर आणि प्रथिनांतली अमिनो आम्लं एकत्र तापली की रंग आणि सुवास तयार होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ मेयार याने 1912 साली ही क्रिया प्रथम मांडली. पावाचा तांबूस पापुद्रा, शेंगदाण्याचा खरपूस वास, सगळे तिचेच. हे इथवर ठीक. पण तळाच्या थरात क्रिया इथे थांबत नाही. तो तांबूस होतो, तपकिरी होतो आणि पुढे त्याचा चक्क कोळसा व्हायला लागतो. धुरकट, राखेसारखी, घशाला ओरखडणारी द्रव्यं सुटतात आणि तासभराच्या उकळीत ती वरच्या पाण्यात मिसळत राहतात. ग्वायकॉल नावाचं धुरकट वासाचं एक द्रव्य अब्जात काही भाग एवढं असलं तरी नाकाला कळतं. म्हणजे थर नखाएवढा असला तरी सगळं भांडं बिघडवायला पुरतो.

आणि बिअरची गोष्ट खिरीपेक्षा अवघड आहे. खिरीतली साखर खिरीतच राहते, थोडंफार झाकते. इथे यीस्ट येतं आणि बरीचशी साखर खाऊन टाकतं. काही उग्र द्रव्यं ते सौम्यही करतं, नाही असं नाही. पण करपट चवीला ते हात लावत नाही. पहिल्या दिवशी गोडव्यामागे लपलेला करपटपणा तीन आठवड्यांनी एकटा उरतो. त्यात हॉप्सचा कडवटपणा. वर बुडबुडे तो वास थेट नाकापाशी आणून पोहोचवतात. भाचा म्हणाला, ‘पहिल्या दिवशी चाखली होती, काही वाटलं नाही.’ गोडाने फसवलं त्याला. उकळीच्या दिवशी नुसती शंका जरी आली, तरी तो वास पुढे दुप्पट जाणवणार असं समजून चालावं.

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे. रस पातळ असतो तोवर काहिलीखाली धडाडून जाळ. तो काकवीसारखा दाटत आला, की गुळव्या जाळ कमी करायला लावतो आणि हलवणं वाढतं. गुळाचा पाक एकशे अठरा अंशांच्या आसपास तयार होतो. तिथे दोन मिनिटं उशीर झाला तरी गूळ काळवंडतो आणि बाजारात भाव पडतो. गुळव्याच्या हातात तापमापक नसतो, पण दाट पाकाखाली मोठा जाळ नको, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

भाच्याला मी तेवढंच सांगितलं. पाक घालण्याआधी गॅस बंद. कमी नव्हे, बंद. डबा गरम पाण्यात ठेवून पाक पातळ करून घे, बारीक धारेने ओत, आणि सपाट टोकाच्या लाकडी कलथ्याने तळ खरवडून बघ. कलथा तळावर सरसर फिरला, चिकट काही लागलं नाही, की मगच गॅस पेटव. अर्धा पाक सुरुवातीला आणि अर्धा उकळी संपताना घातला तर रंगही उजळ राहतो. आणि एवढं करूनही लागलंच, तर ढवळू नकोस, खरवडू तर मुळीच नकोस. करपलेल्या भातावरचा भात आपण अलगद दुसऱ्या पातेल्यात काढतो ना, तसं वरचं वर ओतून घे.

एक शंका मात्र आधी फेडून घ्यायला हवी. चव नेहमी करपल्यामुळेच बिघडते असं नाही. मेयारची क्रिया साध्या खोलीतही, सावकाश का होईना, चालू असते. डबा वर्षभर उन्हाळ्यात पडून राहिला तर आतला पाक आपोआप काळपट होतो आणि बिअरला शिळ्या टॉफीसारखी चव येते. त्यात राख नसते, धूर नसतो. भाच्याला मी डब्यावरची तारीख वाचायला लावली. डबा ताजा होता. भांड्याचा तळ बघ म्हटलं, तर मधोमध रुपयाएवढा काळा डाग.

तो डाग काढल्याशिवाय पुन्हा बिअर करण्यात अर्थ नव्हता. खडबडीत जागेवर पाक आधी चिकटतो, आणि पुढच्या वेळी जळतो तो त्याच ठिकाणी. स्टीलचं भांडं असेल तर खायचा सोडा घातलेलं गरम पाणी रात्रभर ठेवावं, सकाळी लाकडाने घासावं. अॅल्युमिनियमला मात्र सोडा लावू नये, तो धातूलाच खातो. तिथे नुसतं पाणी उकळत ठेवायचं आणि धीर धरायचा.