देवास गेटपलीकडच्या दोन बँका

महाकाळाच्या दर्शनाला उज्जैनला गेलेल्या माणसाला देवास गेट चुकत नाही. रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की जवळच हा भाग. बस स्टँड, लॉज, पोहे-जिलबीच्या गाड्या आणि ‘इंदौर, इंदौर’ असा गलका. देवासच्या वाटेकडचं म्हणून देवास गेट. त्या वाटेनं चाळीसेक किलोमीटर गेलं की देवास. उज्जैन शिंद्यांचं, इंदूर होळकरांचं आणि देवास पवारांचं. तासा-दीड तासाच्या अंतरावर तीन मराठी घराण्यांची राज्यं नांदत होती, हे आपल्याकडच्या अनेकांना तिथे गेल्यावरच कळतं.

त्यात देवास तर आणखीच गमतीचं. तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार बंधूंनी मिळवलेला मुलूख पुढे दोन पात्यांत विभागला गेला, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, टेकडीवरची देवी एकच, पण राजे दोन, दरबार दोन, खजिने दोन. थोरल्या पातीचं नातं आपल्या भागाशी अगदी जवळचं. राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या आक्कासाहेब तिथे दिल्या होत्या आणि त्यांचे चिरंजीव विक्रमसिंहराव पुढे १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर शहाजी महाराज म्हणून दत्तक आले.

या एवढ्याशा गावात बँकाही दोन होत्या. एक बँक ऑफ देवास, दुसरी देवास सीनियर बँक. आज दोन्ही नाहीत. १९६२ मध्ये पहिली आणि १९६५ मध्ये दुसरी स्टेट बँक ऑफ इंदूरमध्ये विलीन झाली. ही इंदूरची बँकही मूळची संस्थानीच, तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या सनदेनं १९२० साली स्थापन झालेली. १९६० मध्ये ती स्टेट बँकेची उपबँक झाली आणि २०१० मध्ये खुद्द स्टेट बँकेत सामावली. धाकट्या ओढ्यांनी नदीला मिळावं तसं हे झालं. पण हे सगळं साठच्या दशकातच का सुरू झालं? त्याचं उत्तर शोधायला माळव्यातून अकोल्याला यावं लागतं.

त्याआधी बँक म्हणजे काय, ते थोडं पाहू. आपल्या मनात अजूनही बँक म्हणजे मोठी तिजोरी असते. आपण दहा हजार ठेवले, ते आत कुठेतरी कप्प्यात पडून आहेत, मागू तेव्हा मिळतील. तसं नसतं. घरातल्या बायकांना हे पुरुषांपेक्षा लवकर समजावं, कारण त्यांनी भिशी चालवलेली असते. भिशीचे पैसे कुणाच्याच कपाटात पडून नसतात. ज्यांचा नंबर लागला त्यांच्या घरात त्यांची गिरणी तरी आलेली असते किंवा मुलाची फी तरी भरलेली असते. बँकेचंही तेच. आपल्या ठेवीतून कुणाचा ट्रॅक्टर येतो, कुणाचं घर उभं राहतं. ते कर्ज ज्याच्या हाती जातं तो ज्याला पैसे देतो, तो पुन्हा ते कुठल्यातरी खात्यातच भरतो आणि त्यातून पुन्हा कर्ज निघतं. म्हणून देशातल्या सगळ्या पासबुकांवरचे आकडे एकत्र केले तर ते छापलेल्या नोटांच्या कितीतरी पट भरतात.

गंमत अशी, की त्या नोटाही देवासलाच छापतात. सत्तरच्या दशकात तिथे बँक नोट प्रेस सुरू झाली, शाईचा कारखानाही तिथेच. नाशिक आणि देवास हे दोन छापखाने केंद्र सरकारच्या महामंडळाचे, म्हैसूर आणि सालबोनीचे रिझर्व्ह बँकेच्या कंपनीचे. नोट कुठेही छापली तरी ती चलनात आणण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेचा. अपवाद एक रुपयाच्या नोटेचा. ती भारत सरकारची, म्हणून तिच्यावर गव्हर्नरची नव्हे, अर्थसचिवांची सही असते. पुढच्या वेळी हाती आली तर पाहा. देवगाठीसाठी जपून ठेवलेली एखादी तरी घरात सापडेलच.

तर मूळ मुद्दा असा, की सगळे ठेवीदार एकाच सकाळी दारात उभे राहिले तर जगातली कुठलीही बँक सगळ्यांचे पैसे त्याच दिवशी देऊ शकत नाही. चांगली बँकसुद्धा. म्हणून तिच्यावर कुणीतरी डोळा ठेवावा लागतो. आपल्याकडे हे काम १९३५ मध्ये स्थापन झालेल्या रिझर्व्ह बँकेकडे आहे. १ जानेवारी १९४९ रोजी तिचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा गव्हर्नर होते आपले चिंतामणराव देशमुख. त्याच वर्षी बँकांच्या नियमनाचा कायदा आला. परवाना, तपासणी, संचालकांवर वचक, सगळं त्यात आलं. प्रत्येक बँकेला ठेवींचा काही भाग रोखीनं रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो. २०२५ मध्ये हे प्रमाण टप्प्याटप्प्यानं शंभरी ३ रुपयांवर आणलं गेलं. शिवाय शंभरातले १८ रुपये बहुतेक सरकारी रोख्यांत गुंतवून ठेवण्याचं बंधन २०२० पासून होतं. उरलेल्यातून कर्जवाटप.

कायदा होता, पण १९६० मध्ये दोन बँका बुडाल्याच. केरळमधली पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक. पलाईचं नाव देशभर गाजलं. लक्ष्मी बँकेची आठवण मात्र वऱ्हाडाबाहेर फारशी कुणी काढत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. कारण या दोन बँकांच्या ठेवीदारांनी जे भोगलं त्यातूनच आपल्या सर्वांच्या ठेवींना कुंपण मिळालं. त्याच वर्षी कायदा बदलून रिझर्व्ह बँकेला दुबळी बँक दुसऱ्या सशक्त बँकेत विलीन करवण्याची ताकद दिली गेली. देशात १९५१ मध्ये ५६६ बँका होत्या, १९६९ पर्यंत त्या शंभराच्या आत आल्या. देवासच्या दोन बँका गेल्या त्या याच काळात. संस्थानिकांच्या नावाचा मान होता, पण मान म्हणजे भांडवल नव्हे. थोरल्या पातीच्या लोकांनी तर ते आधीच पाहिलं होतं. त्यांचे तुकोजीराव महाराज, ज्यांच्याकडे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये खाजगी चिटणीस होता, संस्थानाचा खजिना रिता झाल्यावर पाँडिचेरीला निघून गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले.

दुसरं कुंपण ठेव विम्याचं. १ जानेवारी १९६२ पासून तो सुरू झाला. बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला १५०० रुपयांपर्यंत हमी. आज हसू येईल, पण तेव्हा सामान्य घराची तेवढीच शिल्लक असे. ही मर्यादा वाढत वाढत १९९३ मध्ये एक लाख झाली आणि तिथेच सत्तावीस वर्षं अडकून राहिली. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले, तेव्हा हमी एक लाखाचीच होती. निवृत्तीची पुंजी अडकलेले म्हातारे-म्हाताऱ्या वर्षानुवर्षं हेलपाटे घालत राहिले. २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेच्या ठेवीदारांना सुरुवातीला हजार रुपयेच काढता येत होते. ते दारातलं रडणं टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर, २०२० च्या फेब्रुवारीत, मर्यादा पाच लाख झाली आणि २०२१ मध्ये निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे देण्याचं बंधन आलं. अकोल्याच्या वेळी कायदा दोन वर्षांत आला होता. या वेळी आपण फार वेळ घेतला, असं म्हणावंच लागेल.

हे पाच लाख कसे मोजतात, तेही नीट समजून घ्या. एका बँकेत, तिच्या सगळ्या शाखा मिळून, एका माणसाला पाच लाख, मुद्दल आणि व्याज धरून. शनिवार पेठेत एक पावती आणि कोथरूडला दुसरी, पण बँक एकच, तर दोन्ही मिळून पाच लाखच. वेगवेगळ्या बँकांत ठेवलं तर प्रत्येकीत वेगळं. विम्याचा हप्ता बँक भरते, आपण नाही.

आणि ही हमी पतसंस्थेला नाही. मागे आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी मुलीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे गावातल्या पतसंस्थेत ठेवले होते. काउंटर तसाच, पासबुक तसंच, मॅनेजर शेजारच्या गल्लीतला. व्याज दीड टक्का जास्त. दारावरची पाटी मात्र त्यांनी कधी नीट वाचली नव्हती. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येते, रिझर्व्ह बँकेच्या नाही. तिला ‘बँक’ हा शब्द वापरायला मनाई आहे, ती याचसाठी. संस्था अडचणीत आली तेव्हा बाई रिझर्व्ह बँकेला अर्ज लिहायला निघाल्या होत्या. त्यांना हे समजावून सांगताना माझा घसा कोरडा पडला. सगळ्याच पतसंस्था वाईट असतात असं मुळीच नाही, पण पैसे ठेवण्यापूर्वी ‘ठेव विमा आहे का?’ हा एक प्रश्न विचारायला लाजू नये. नागरी सहकारी बँकेला तो असतो. ती १९६६ पासून रिझर्व्ह बँकेच्या कायद्याखाली आहे.

शेवटी एक कामाची गोष्ट. माळव्यात नोकरी-चाकरी केलेले आजोबा, पणजोबा आपल्याकडच्या बऱ्याच घरांत होते. त्यांच्या ट्रंकेत इंदूर किंवा देवासच्या बँकेचं पिवळं पडलेलं पासबुक निघालं तर रद्दीत टाकू नका. बँक विलीन झाली की तिच्या ठेवींची जबाबदारी नव्या बँकेकडे जाते, त्यामुळे या खात्यांची चौकशी स्टेट बँकेत करायची. दहा वर्षं कुणी न विचारलेल्या ठेवी आता रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होतात, पण वारसाचा हक्क त्यानं संपत नाही. अर्ज बँकेकडेच द्यायचा, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं जोडून. रक्कम पंचवीस रुपये निघेल कदाचित, पण पासबुकाच्या पहिल्या पानावर आजोबांची सही असेल.