मोठा सर्व्हर घेण्यापूर्वी

आपल्या नाशिकमधील बऱ्याच कापड दुकानदारांनी आता माल इंटरनेटवर मांडला आहे. येवल्याची पैठणी, मालेगावची लुंगी, सुरतचे ड्रेस मटेरियल, सर्व मोबाइलवर दिसते. पण ऐन हंगामात गिऱ्हाईक ‘पैठणी’ लिहून शोधू लागले की पडद्यावर चक्र फिरत राहते आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. मग सल्ला मिळतो, “शेठ, सर्व्हर छोटा पडतो, मोठा घ्या.” गेल्या रमजानमध्ये, कपड्यांचा सर्वात मोठा हंगाम चालू असताना, आम्हालाही हेच ऐकावे लागले. पैसे मोजण्याआधी हे यंत्र चालते कसे ते आम्ही समजून घेतले. तेच व्यापारी बांधवांपुढे ठेवत आहोत.

शोधाचे काम करणारा सर्व्हर वेगळा असतो. सोलर आणि इलास्टिकसर्च ही त्यातील दोन प्रसिद्ध नावे. दोन्हींच्या पोटात इंजिन एकच, ल्युसीन. ते अमेरिकेतील डग कटिंग यांनी १९९९ साली लिहिले. रीत जाड पुस्तकाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीसारखी आहे. ‘पैठणी’ या शब्दापुढे तो कोणकोणत्या नोंदीत येतो ते आधीच लिहून ठेवलेले असते, म्हणून सगळा माल चाळावा लागत नाही. ल्युसीनच्या एका सूचीत २१४ कोटी ७४ लाखांहून अधिक नोंदी मावतात. आमचे नमुने जेमतेम ११ हजार! म्हणजे अडचण जागेची नव्हतीच.

अडचण लिहिण्याची होती. या सूचीतील नोंद सहसा जागच्या जागी दुरुस्त होत नाही. एका साडीचा साठा ४० वरून ३९ झाला तरी जुनी नोंद रद्द अशी खूण होते आणि पूर्ण नोंद नव्याने लिहिली जाते. नव्या नोंदींचे लहान लहान गठ्ठे पडतात, ते मागाहून एकत्र करावे लागतात. इलास्टिकसर्च एरवी दर सेकंदाला नवे गठ्ठे शोधासाठी खुले करते. आमच्याकडे प्रत्येक विक्रीला सूची बदलत होती. दुकानात ईदची गर्दी, आणि मुनीमजी त्याच गल्ल्यावर खतावणी पसरून दर घडीला नवे पान उतरवत बसले आहेत, अशी गत.

दुसरे ओझे पानांचे. समजा एखाद्या मोठ्या दुकानाचा लाखोंचा माल पाच तुकड्यांत ठेवला आहे (या तुकड्यांना शार्ड म्हणतात) आणि कोणी वीस-वीसच्या हिशेबाने पाचशेवे पान मागितले. प्रत्येक तुकड्याला आपल्या पहिल्या १० हजार नोंदी काढून द्याव्या लागतात. ५० हजार नोंदी लावायच्या आणि दाखवायच्या वीस! म्हणून इलास्टिकसर्चने मुळातच १० हजारांची हद्द घातली आहे. ती वाढवून देणारे पुष्कळ भेटतात, त्यांचे ऐकू नये. पाचशेव्या पानापर्यंत साडी घेणारी बाई जात नाही, भाव टिपणारे प्रोग्राम जातात.

यंत्रे वाढवून फायदा होतो, नाही असे नाही. सूचीच्या प्रती वाढवल्या की विचारणारे वाटले जातात. पण नेहमीच्या रचनेत लिहिण्याचे काम प्रत्येक प्रतीला पुन्हा करावे लागते. तुकडे वाढवले तर उत्तर सर्वात मंद तुकड्याच्या चालीने येते. गूगलचे जेफ्री डीन व लुईझ बारोसो यांनी २०१३ साली याचा हिशेब मांडला. एक यंत्र शंभरात एकदाच रेंगाळते. पण एका प्रश्नासाठी अशी शंभर यंत्रे विचारावी लागली, तर शंभरातील ६३ प्रश्न रेंगाळतात.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टच्या महाविक्रीत संकेतस्थळ अडखळले, संपलेल्या मालाच्या ऑर्डरी रद्द झाल्या. संस्थापक सचिन बन्सल व बिन्नी बन्सल यांनी ग्राहकांची माफी मागितली. सुमारे पाच हजार सर्व्हर लावले होते, वीसपट गर्दीची तयारी होती, तरी गर्दी त्याहून जास्त झाली, असे त्यांनीच लिहिले.

आम्ही मोठा सर्व्हर घेतला नाही. साठ्याचा आकडा शोधाच्या सूचीतून काढला. तो आता ऑर्डर देताना हिशेबाच्या वहीतून, म्हणजे डेटाबेसमधून तपासला जातो. माल संपला तर ‘संपले’ एवढीच खूण सूचीत जाते, आणि सूची सेकंदाऐवजी अर्ध्या मिनिटाने ताजी होते. दिवाळीत जुन्याच यंत्रावर शोध चालला. त्या अर्ध्या मिनिटात मात्र कधी कधी संपलेली साडी दिसते, गिऱ्हाईक फोन करून बोल लावते, आणि आम्ही ते ऐकून घेतो.