अकारविल्हे की अंदाज?

जावामध्ये नावांची यादी आहे आणि तिच्यात एक नाव आहे का ते बघायचंय. प्रोग्रामर 'इफ' लिहितो, कंस उघडतो, यादीचं नाव टाकून टिंब देतो आणि 'सी' दाबतो. एडिटरची सूचनांची चौकट उघडते. नावं अकारविल्हे लावलेली असतील तर वर 'क्लिअर', त्याखाली 'कंटेन्स'. पहिलं यादी रिकामी करतं, दुसरं तिच्यात शोधतं. हात सवयीने एंटरवर पडला की नको तेच पदरात.

कंपायलर ही चूक लगेच पकडतो, पण मग एडिटरला ती आधीच का दिसू नये? 'इफ'च्या कंसात उत्तर हो किंवा नाही असंच लागतं. 'क्लिअर' काहीच परत देत नाही. एवढ्या एका गोष्टीवरून 'कंटेन्स' वर सरकायला हवं. क्रम लावताना पहिला मान या व्याकरणाचा, कारण इथे अंदाजाचा प्रश्नच नाही.

त्यानंतर येते जवळीक. चार ओळींवर जाहीर केलेलं चल दूरच्या फाइलमधल्या नावाआधी यावं. मग सवय. २००८ मध्ये रॉब्स आणि लांझा या संशोधकांनी प्रोग्रामरांच्या कामाची नोंद तपासून दाखवलं, की नुकताच ज्याला हात लागला ते वर घेतलं तर अकारविल्हेपेक्षा सूचना कितीतरी नेमक्या होतात. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'इंटेलिकोड'ने याच्या पुढे उडी मारली. गिटहबवर शंभराहून अधिक तारे मिळालेले दोन हजारांवर प्रकल्प वाचून, अशा जागी इतर लोक बहुधा काय लिहितात हे ते शिकलं.

इंटेलिकोडची मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. त्याने निवडक सूचनांना तारा लावून वर ठेवलं आणि खाली नेहमीची अकारविल्हे यादी तशीच राहू दिली. ज्याला नाव ठाऊक आहे त्याने खाली जावं, ज्याला नाही त्याने वर बघावं.

हे शहाणपण सहज आलेलं नाही. 'ऑफिस २०००'चे मेनू वापरानुसार आपोआप बदलत. काल जिथे होती तिथे आज आज्ञा सापडेना. २००४ मध्ये फिंडलेटर आणि मॅकग्रेनर यांनी प्रयोग केला, तेव्हा आपोआप बदलणाऱ्या मेनूपेक्षा जागा न सोडणाऱ्या मेनूवर लोकांचं काम लवकर झालं. 'दोनदा खालचा बाण आणि एंटर' हे बोटांनी पाठ केलेलं असतं. क्रम रोज हलला की ते पाठांतर वाया जातं.

त्याहून मोठा वैताग म्हणजे उशिरा येणाऱ्या सूचना. यादी दिसली, नजर तिसऱ्या ओळीवर स्थिरावली, बोट उचललं, आणि तेवढ्यात मागून नवी सूचना घुसून सगळ्यांना एक घर खाली ढकलते. माझं मत सरळ आहे: डोळ्यांसमोर आलेला क्रम पुढचं अक्षर टंकेपर्यंत हलू नये. उशिरा आलेल्याने रांगेत शेवटी उभं राहावं, मग ती कितीही हुशार सूचना असो.

'व्हिम' या जुन्या एडिटरमध्ये कंट्रोल-पी दाबलं की मजकुरात मागे जाताना सर्वांत आधी भेटणारा जुळता शब्द येतो. नियम एवढाच. त्यात बुद्धी शून्य, पण काय येणार हे दाबण्याआधीच ठाऊक असतं, आणि म्हणून कित्येक जण आजही यादीकडे न बघताच ते दाबतात.